प्रशिक्षणाच्या दारी आलेला मुराळी

धुळ्याच्या स्टँडवर सासूबाई मला सोडायला आल्या, तेव्हा सकाळच असली तरी बसच्या दाराची दांडी रुमालाने धरावी लागली. खिडकीतून त्यांनी पाण्याची बाटली दिली आणि एक कांदा दिला. कांदा जवळ ठेव, ऊन लागत नाही, म्हणाल्या. मी तंत्रनिकेतनात यंत्र अभियांत्रिकी शिकवते. कांद्यामागचं शास्त्र मला ठाऊक नाही. पण जळगावच्या मे महिन्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो, म्हणून कांदा पर्समध्ये टाकला आणि निघाले.

मी पिंपळनेरजवळच्या एका खेड्यातली. आमच्या घरातली पहिली पदवीधर. हे मी कोणी विचारलं नाही तरी सांगते, कारण ते मिळवायला आम्हा सगळ्यांनाच कष्ट पडले. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शेती करून मला शिकवलं. पण माझ्या कॉलेजचं गेट त्यांनी कधी ओलांडलं नाही. प्रवेशाच्या दिवशी ते बाहेरच्या चहाच्या टपरीवर बसून राहिले. आत आपलं काय काम, म्हणाले. पदवीच्या समारंभालाही तेच.

मी निघाले होते ते शाळा आणि तंत्रनिकेतनांतल्या शिक्षकांच्या उन्हाळी प्रशिक्षणाला. शिकवणाऱ्यांना शिकवण्याचा हा वर्ग. नोकरीत कायम व्हायचं तर यंदा त्याचं प्रमाणपत्र हवंच होतं, आणि नियम असा की एक दिवस जरी गैरहजर राहिलं तरी सगळा वर्ग पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा करायचा. अडचण एकच होती. आखाजी नेमकी वर्गाच्या दिवसांत येत होती.

खानदेशाबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो आणि आमच्याकडे ती दिवाळीपेक्षा मोठी. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधतात, पितरांच्या नावाने घागर भरून तिच्यावर डांगर (खरबूज) ठेवतात. आणि लेक आपली आपण माहेरी जात नाही. तिला न्यायला माहेरचा माणूस येतो, त्याला मुराळी म्हणतात. माझं लग्न दिवाळीनंतर झालं, म्हणजे ही माझी पहिली आखाजी. येता येणार नाही, असं मी आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बरं माय. झोका बांधेल राही." (झोका बांधलेला राहील.) तिने रागावून घेतलं असतं तर बरं झालं असतं.

पारोळा गेलं, एरंडोल गेलं. कपाशीची रानं नांगरून उघडी पडलेली, ढेकळांवर नजर ठरत नव्हती. जळगाव जवळ आलं तशा मधूनमधून केळीच्या बागा लागल्या आणि बसमधल्या सगळ्या माना आपोआप त्या हिरव्या बाजूला वळल्या. गिरणेच्या पुलावरून खाली पाहिलं तर वाळूच वाळू. जळगावच्या स्टँडवर उतरून नशिराबादच्या रस्त्याला जाणारी रिक्षा धरली. रिक्षावाल्याने बॅग बघून विचारलं, माहेरी का? मी म्हटलं, शाळेत. त्याने आरशातून माझ्याकडे दोनदा पाहिलं.

प्रशिक्षणाचं कॉलेज रस्त्याला लागूनच होतं. वसतिगृहात माझ्या खोलीत पाचोऱ्याच्या सुमनअक्का होत्या. शाळेत विज्ञान शिकवतात, निवृत्तीला टेकलेल्या. आल्या आल्या त्यांनी पलंग कूलरसमोर ओढून घेतला होता; मला पाहून अर्धा कूलर माझ्या वाट्याला वळवला. इथे कूलरचा वाटा देणं म्हणजे मैत्रीच झाली. संध्याकाळी जेवणात शेवभाजी आणि कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाच्या पिठाची). शेवभाजीचा रस्सा इतका तिखट की समोरच्या सरांनी आधी पाणी प्यायलं, मग ताक, आणि मग पुन्हा रस्साच वाढून घेतला.

वर्गप्रमुख होते चौधरी सर. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात हजेरी, चेहऱ्यावर परीक्षेचा हॉल. पहिल्याच दिवशी त्यांनी नियम वाचून दाखवले, आणि आखाजीला सुट्टी मिळेल का, असं कोणी विचारायच्या आतच सांगितलं की मिळणार नाही. आखाजीच्या दिवशी सकाळी दोन पाठ आणि दुपारी पुण्याच्या तज्ज्ञ मॅडमचं सत्र होतं. त्यांच्या येण्याची तारीख बदलता येत नव्हती. सकाळच्या पाठांपैकी एक माझा.

आमचे दिवस छान चालले होते, हेही सांगते. पन्नाशीचे शिक्षक विद्यार्थी होऊन बाकावर बसत, आणि आयुष्यभर ज्या खोड्यांसाठी मुलांना उभं केलं त्या सगळ्या खोड्या मनापासून करत. जुनी माणसं नवीन गोष्टी कुरकुरत शिकत होती, पण शिकत होती. सुमनअक्का रोज संध्याकाळी माझ्याकडून पाठ म्हणवून घेत. मी सायकल उलटी ठेवून दातेरी चक्रांचा पाठ घेणार होते. शब्द कमी कर, चाक जास्त फिरव, असं त्यांचं म्हणणं. आखाजीचा विषय त्या काढत नव्हत्या, मीही नाही.

आखाजीच्या आदल्या दिवशी, दुपारच्या चहाच्या वेळी, शिपाई सांगत आला की मॅडम, तुमच्याकडचे कोणी चौधरी सरांच्या खोलीत बसलेत. मी गेले तर खोलीबाहेर नानांच्या चपला. त्या चपला मी कुठेही ओळखीन. पण कॉलेजच्या आत, दाराशी, नीट जोडून ठेवलेल्या त्या चपला पाहून मी क्षणभर तिथेच उभी राहिले.

आत नाना खुर्चीच्या कडेवर बसले होते. धुतलेलं धोतर, टोपी, मांडीवर पिशवी. झालं होतं असं. नाना पहाटे निघून रीतीप्रमाणे आधी धुळ्याला माझ्या सासरी गेले होते. मी तिथे नाही हे त्यांना ठाऊक होतं, तरी विचारायचं ते सासरीच. सासूबाईंनी त्यांना जेवू घातलं आणि म्हणाल्या, "मनाकडथून हा शे. पन आते पोर त्या सरना ताबामा शे, त्यास्ले इचारा." (माझ्याकडून होकार आहे. पण आता पोर त्या सरांच्या ताब्यात आहे, त्यांना विचारा.) त्यांनी ते अर्धं थट्टेने म्हटलं असावं. नानांनी ते पूर्ण खरं धरलं. लेक ज्यांच्या घरात आहे त्यांच्याकडे मुराळ्याने जायचं, मान द्यायचा आणि मागायची. मग ते घर सासरचं असो की सरकारी.

मी दारातच असताना त्यांनी पिशवीतला डबा काढून टेबलावर, हजेरीच्या शेजारी ठेवला. आईने केलेल्या सांजोऱ्या होत्या.

"साहेब, मी मुराळी शे," नाना म्हणाले. "पोरनी पहिली आखाजी शे. तुम्ही धाडशात तवयच लयी जासू." (तुम्ही पाठवाल तेव्हाच नेईन.)

चौधरी सर नियमावली काढतील आणि नानांना समजेल अशा शब्दांत, सावकाश, वाचून दाखवतील, असं वाटलं. नाना ऐकून घेतील, हो म्हणतील आणि परत त्या उन्हात निघतील.

सरांनी डब्याकडे पाहिलं. मग चष्मा काढला. "नाना," ते म्हणाले, "मुराळी आला म्हणून त्याच पावली लेक धाडतात का कुठे? आधी मुक्काम करा. उद्याचं उद्या बघू."

नाना पहिल्यांदा खुर्चीत मागे टेकून बसले. हे बोलणं त्यांच्या ओळखीचं होतं.

संध्याकाळी सरांनी सगळ्यांना वर्गात बोलावलं. सांजोऱ्यांचा डबा टेबलावर उघडा. ते म्हणाले की नियम नियमाच्या जागी आहे आणि दोन्ही सत्रं पूर्ण व्हायलाच हवीत. पण आपण सगळे खानदेशातले मास्तर, उन्हाळ्यात आपल्या शाळा कोणत्या वेळेला भरतात?

"सकाळपाळी," मागून कोणी तरी म्हणालं, आणि वर्ग जागा झाला.

इकडे उन्हाळा लागला की शाळा सूर्याच्या आधी उघडते आणि ऊन चढायच्या आत सुटते. आम्ही सगळे त्याच पाळीत शिकलो, त्याच पाळीत शिकवतो. आणि एवढे सगळे एकत्र येऊनही प्रशिक्षणाला पुण्याचं वेळापत्रक लावून दुपारी भाजत बसलो होतो. कोणाला सुचलंच नव्हतं. हात भराभर वर गेले. बायकांना माहेर होतं आणि पुरुषांना आखाजीचे पत्ते. वर्षातून या एका सणाला घरोघरी राजरोस पत्त्यांचे डाव बसतात; एका सरांचा डाव चोपड्याला त्यांच्यावाचून अडला होता म्हणे. राहिल्या पुण्याच्या मॅडम, त्या जळगावात मुक्कामाला येऊन पोचल्याच होत्या. सरांनी त्यांना फोन लावला. इतक्या सकाळी लोक येतील का, असं त्यांनी विचारलं. सर म्हणाले, तुम्ही फक्त या, लोक तुमच्या आधी बसलेले असतील.

त्या रात्रीपासून सरांचं नाव सासूबाई पडलं. त्यांना ते कळत होतं आणि ते कळू देत नव्हते.

आखाजीच्या सकाळी हवेत चक्क गारवा होता. माझा पाठ पहिला. वर्गाच्या दाराशी पुन्हा त्या चपला, एकट्याच, कारण बाकी सगळे बूट-चपलांसकट आत. नाना शेवटच्या रांगेत कूलरजवळ, देवळात बसावं तसे टोपी मांडीवर घेऊन बसले होते. माझी पहिली दोन-तीन वाक्यं नुसती पुस्तकी निघाली. सुमनअक्कांनी बाकावरून बोटाने नुसतं चाक फिरवून दाखवलं. मी वॉचमनकाकांची सायकल उलटी केली आणि पायडल फिरवलं. मोठं चक्र एकदा फिरलं की लहान किती वेळा, आणि चढावर आपल्याला काय हवं असतं, जोर की वेग? बोलता बोलता मी नानांना विसरले. मध्येच चोपड्याचे सर खोडकर मुलगा होऊन उठले आणि पाणी प्यायला जाऊ का, म्हणाले. सगळे हसले. नाना हसले नाहीत. त्यांनी मागून त्या सरांकडे असं पाहिलं की ते मुकाट्याने खाली बसले.

मॅडमचं सत्रही झालं आणि फार चांगलं झालं, हे मान्य करायला हवं. ऊन तापायच्या आत हजेरीवर दोन्ही सत्रांच्या सह्या झाल्या. मग सरांनी कपाट उघडलं. पाहुण्या मॅडमना शाल आणि नारळ दिला, आणि त्याच टेबलापाशी नानांना बोलावून टॉवेल-टोपी दिली. सुमनअक्कांनी मला कुंकू लावलं. मॅडमनी बाजूच्या शिक्षकांना हा काय कार्यक्रम आहे असं विचारलं. ते म्हणाले, पाठवणी आहे.

"नाना, उद्या रविवार," सर म्हणाले. "परवा सकाळी लेक इथे हजर पाहिजे."

बसमध्ये नाना खिडकीशी बसले, नवी टोपी घालून. धुळ्याला बस बदलली. पाठ कसा वाटला, हे मी विचारलं नाही. शेतकऱ्याला पिकाबद्दल लगेच विचारू नये. साक्रीच्या पुढे डोंगर दिसायला लागले तेव्हा बाहेर बघतच ते म्हणाले, "माले बठ्ठं समजनं नही. पन कोनी उठीसन गया नही. एक उठना व्हता, तो बी बठी गया."

(मला सगळं कळलं नाही. पण कोणी उठून गेलं नाही. एक उठला होता, तोही बसला.)

गावी पोचले तेव्हा उन्हं कलली होती आणि झोका बांधलेला होता. आईने दोरी स्वतः ओढून पाहिली होती म्हणे. आमरस, पुरणपोळी, कुरडया. मी इतकी जेवले की झोक्यावर बसल्यावर मैत्रिणींनी फांदीकडे काळजीने पाहिलं.

सोमवारी एकटी जाते म्हटलं तर नानांनी ऐकलं नाही. आणली तिथे पोचवायची असते. पहाटेच निघालो. कॉलेजच्या गेटातून ते माझ्या पुढे चालत आत गेले, वाट त्यांना माहीत होती. चौधरी सर व्हरांड्यातच उभे होते.

"ल्या साहेब, तुमनी पोर," नाना म्हणाले.

सरांनी घड्याळ पाहिलं, हजेरी उघडली आणि मला सही करायला पेन दिलं.

वर्ग संपला, प्रमाणपत्र मिळालं, मी धुळ्याला परतले. परतीच्या बसमध्ये मी विचार करत होते की इतकी वर्षं नाना गेटाबाहेर का बसले. मला वाटायचं त्यांना संकोच वाटतो. आता वाटतं, तसं नसावं. कामाशिवाय दुसऱ्याच्या घरात शिरायचं नाही, एवढंच त्यांचं होतं. मुराळी म्हणून काम निघालं, आणि ते सरळ आत आले, वर्गातसुद्धा. मीच कधी त्यांना काम सांगितलं नव्हतं.

स्टँडवर सासूबाई होत्या. त्यांनी प्रमाणपत्र उन्हात धरून वाचलं, आणि मग कांदा कुठे म्हणून विचारलं. तो नानांनी वसतिगृहात भाकरीबरोबर फोडून खाल्ला होता. त्यांना ते पटलं.

घरी पोचल्यावर गावी फोन लावला. नोकरीचं आता पक्कं होईल, असं नानांना सांगितलं. ते बरं म्हणाले. मग फोन ठेवतील असं वाटलं, पण ठेवला नाही. मी धुळ्याच्या तंत्रनिकेतनात शिकवायला लागून तीन वर्षं झाली, पण त्यांनी हे आजवर विचारलं नव्हतं.

"तुनं कालेज धुयामा कोठे शे?" नाना म्हणाले. "रिक्षावालाले काय सांगू?"