सकाळचंच पान

मंडळी, आमच्या ऑफिसची इंटरनेट लाइन फार हळू. म्हणून एकदा उघडलेलं पान सर्व्हर दिवसभर साठवतो आणि पुन्हा मागितलं की तेच दाखवतो. ती सोय मीच केलेली.

अकाउंट्समधल्या पद्माक्कांचा मुलगा अमेरिकेत शिकायला. त्याच्या कॉलेजच्या बसला अपघात झाला. सकाळी कॉलेजच्या पानावर होतं, 'सगळे सुखरूप.' दुपारी अक्कांना राहवेना, पुन्हा उघडलं. तेच.

"सरी, बरं झालं. किती पटकन आलं रे," म्हणत त्यांनी घरी फोन लावला.

पटकन म्हणजे साठवलेलं, सकाळचंच पान. मी कॉलेजकडून ताजं पान मागवलं. ते ओळीओळीने उतरलं. एक विद्यार्थी गेला होता. नाव त्यांच्या मुलाचं.

अक्का फोनवर हसत होत्या. मी त्यांचं बोलणं संपू दिलं.

चुकलं का माझं?