आमच्या ऑफिसात ‘सर’ म्हणायचं नाही!

कंपनीच्या बसमध्ये दीड दीड तास बसलं की किस्से आपोआप साठतात. हिंजवडीच्या ट्रॅफिकचा तेवढाच एक फायदा!

आमच्याकडे सर-मॅडम बंद. सगळ्यांना पहिल्या नावाने हाक मारायची. नियम एचआरच्या रियाने आणला, वय सव्वीस. पहिल्याच मीटिंगला म्हणाली, “गाईज, चिल! आपण एक फॅमिली आहोत.”

आमचे टीम लीड माधव जोगळेकर, वय छप्पन, मुक्काम शनिवार पेठ. ते शांतपणे म्हणाले, “आमच्या घरी अप्रेझल नसतं.”

*

जोगळेकर ट्रेनीलासुद्धा ‘आपण’ म्हणतात. एका नव्या मुलाने चालू सिस्टीम बंद पाडली, तेव्हा त्यांनी विचारलं, “हे आपण मुद्दाम केलंत, की आपल्याला एवढंच येतं?”

आपला मान राखला की अपमान केला, हे त्या मुलाला दोन दिवस ठरवता येईना.

*

टीममधली स्नेहल इथल्याच गावची. आमची बिल्डिंग जिथे उभी आहे तिथे तिच्या आजोबांचं शेत होतं. ती सगळ्यांनाच अरे-तुरे करते. एकदा डबा उघडून अख्ख्या फ्लोअरला ऐकू जाईल अशी ओरडली, “माधव, जेवला का रं? भाकरी हाय!”

जोगळेकर उठून उभे राहिले. “हो, झालं. आपण घ्या.”

*

शुक्रवारी साधे कपडे घालून यायचं, असंही ठरलं. जोगळेकर टी-शर्टात आले. कडक इस्त्रीचा, पँटीत खोचलेला, वर बेल्ट!

“माधव, जरा रिलॅक्स हो ना!” रिया म्हणाली.

“बेल्ट एक भोक सैल केलाय.”

*

दिवाळीनंतर माणसं कमी करणार अशी कुजबुज सुरू झाली. पन्नाशीपुढचे आधी, आणि त्यातही जे टीममध्ये ‘मिसळत नाहीत’ ते. जोगळेकरांच्या मुलीचं इंजिनीअरिंग अजून दोन वर्षं बाकी. नोकरी टिकायलाच हवी होती.

त्यांनी मिसळायचा प्रयत्न केला. ऑफिसच्या ग्रुपवर आयुष्यातला पहिला हसरा इमोजी टाकला. त्याच्याखाली लिहिलं : ‘आपला नम्र, मा. वि. जोगळेकर.’

सगळे हसले. मीही हसलो, आणि मग मला फार वाईट वाटलं.

*

एका मंगळवारी रिया त्यांच्या टेबलापाशी आली. नेहमीसारखी ‘माधव’ अशी हाक नाही. हळूच म्हणाली, “सर, आपण जरा आत येता का?”

आमचं टायपिंग थांबलं. जोगळेकर चष्मा पुसून तिच्यामागे गेले. केबिनचं दार उघडंच राहिलं होतं.

रियाने लिफाफ्यातून पत्र काढलं. ‘डिअर मिस्टर जोगळेकर’ इतकं वाचलं आणि पुढे तिचा आवाजच फुटेना.

जोगळेकरांनी पाण्याचा ग्लास तिच्यापुढे सरकवला.

“अगं, दे इकडे. मीच वाचतो.”