मालुष्टे सिस्टर आणि राखाडी स्कूटर

रात्रपाळी संपवून सकाळी घरी येताना मालुष्टे सिस्टर आमच्या दारासमोरच्या पायरीवर पाच मिनिटं बसायच्या. त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, आमचं तळमजल्यावर; लिफ्ट नव्हतीच. चपला काढून शेजारी ठेवायच्या, पर्स मांडीवर घ्यायच्या आणि डोळे मिटून भिंतीला डोकं टेकायच्या. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी घाबरून पाण्याचा तांब्या घेऊन धावले. डोळे न उघडताच त्या म्हणाल्या, "काही झालं नाही, वहिनी. तिथली माणसं डोक्यातून उतरेपर्यंत बसते. त्यांना घेऊन वर गेले तर आमच्या ह्यांना चहा गोड लागत नाही."

तिथली माणसं म्हणजे मुंबईतल्या एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलातली, डोक्याला मार लागलेल्यांच्या वॉर्डातली. सिस्टरांची बहुतेक सगळी नोकरी त्या एका वॉर्डात गेली.

ईशान, परवा फोनवर तू विचारलंस की तुमच्या तिकडे परदेशात सायकलवरसुद्धा हेल्मेट नसेल तर दंड होतो, हे बरोबर आहे का. "घालायचं म्हणजे घालायचं," असं म्हणून मी विषय संपवला. फोन ठेवल्यावर मात्र सिस्टर आठवल्या आणि आपण फार लवकर उत्तर दिलं असं वाटलं. तू आणि मृण्मयीने त्यांना पाहिलेलं नाही. तुमच्या बाबाला विचारलंत तर त्याला फक्त त्यांचं इंजेक्शन आठवेल.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही गिरगावातली खोली सोडून भाईंदर पूर्वेला, इंद्रलोकमध्ये राहायला आलो. पाणी टँकरचं, रस्ते अर्धवट, स्टेशन लांब. त्यामुळे घरटी एक स्कूटर होतीच. विमा कंपनीत इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळल्यामुळे मला फायलींची सवय, म्हणून सगळ्यांनी मला सोसायटीची सेक्रेटरी केलं. सात वर्षं ते काम केलं. सात वर्षांत पाण्याची टाकी वेळेवर धुतली गेली, एवढीच माझी कमाई.

सिस्टर रत्नागिरीकडच्या. उंच, हाडकुळ्या, बोटांना कायम स्पिरिटचा वास. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं : "माणूस आहे, हट्ट करणारच." तापात आंघोळ करणाऱ्या सासऱ्यांबद्दल, औषध थुंकणाऱ्या मुलाबद्दल, नळ उघडा टाकून जाणाऱ्या भाडेकरूबद्दलही तेच. त्यांना रागावलेलं मी कधी पाहिलं नाही. रागवायला लागतं तेवढं बळ त्या घरी आणतच नसत.

त्यांचे यजमान वसंतराव. त्यांना सगळे भाऊ म्हणायचे. फोर्टातल्या कचेरीत कारकून, शिट्टीवर गाणी वाजवत जिने उतरणारे. रविवारी सकाळी राखाडी स्कूटर काढून ते थेट तारोडी गावापर्यंत जायचे, होड्यांवरची ताजी मासळी आणायला. मासा हातात घेऊन नाकाशी धरल्याशिवाय घ्यायचे नाहीत. तिथल्या कोळणी त्यांना चिडवायच्या, "आरं भाऊ, म्हावरं घ्यायचं हाय का मुका?" हे ते स्वतःच साऱ्या बिल्डिंगला सांगत. डोक्यावर काही नाही, शर्टाची वरची दोन बटणं उघडी, पुढच्या हुकाला पिशवी. परत आले की सिस्टर झोपेतून उठून मासे साफ करायच्या आणि एक वाटी कालवण आमच्याकडे यायचं.

त्या वर्षांत हेल्मेटसक्तीची बातमी अधूनमधून पेपरात यायची आणि विरून जायची. मला ते सहन होईना. नियम असेल तर पाळावा, नसेल तर करावा, असा माझा स्वभाव. मी वार्षिक सभेपुढे ठराव टाईप करून ठेवला : सोसायटीच्या फाटकातून दुचाकी बाहेर नेताना चालवणाऱ्याने हेल्मेट घातलेच पाहिजे.

गच्चीवर सभा भरली. ठराव वाचताच पहिल्या मजल्यावरचे शहाभाई म्हणाले, "मॅडम, गर्मी में बाल झड जायेंगे."

"झडायला राहिलेत कुठे, शहाभाई?" भाऊ म्हणाले आणि सगळे हसले. मग माझ्याकडे वळून, "वहिनी, वारा लागतो म्हणून तर स्कूटर घेतली. डोक्यावर डबा घालून फिरायचं, तर मग आमचं कोंदट ऑफिस काय वाईट आहे?"

मी माझा हुकमी एक्का काढला. "सिस्टर, तुम्हीच सांगा ह्यांना. तुम्ही रोज बघता."

सिस्टर उभ्या राहिल्या. पदर सारखा केला. "माझं मत ठरावाच्या विरुद्ध धरा," म्हणाल्या आणि खाली बसल्या.

ठराव पडला. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या पायरीवर बसल्या होत्या, तेव्हा न राहवून विचारलंच.

"वहिनी, शुद्धीवर येणारा पेशंट हातपाय झाडतो, नळ्या उपटतो. मग बँडेजने त्याचे हात कॉटला बांधावे लागतात. कोण आई म्हणून हाक मारतं, कोण आईवरून शिवी देतं. सोड म्हणतात. मी बांधते. त्यांच्या भल्यासाठीच ना? आठ तास बांधते. मग घरी येऊन धडधाकट माणसालाही बांधू? माझ्यात तेवढं उरत नाही हो."

"पण जीव वाचतो ना, सिस्टर."

"वाचतो की. मी कुठे नाही म्हणते? सांगायचं तेवढं ह्यांना सांगून झालं. डोकं ह्यांचं आहे."

कॉलेजात मी स्वातंत्र्यावर इंग्रजीतून निबंध लिहिले होते, एकाला बक्षीसही मिळालं होतं. त्यातलं एकही वाक्य मला त्या पायरीवर उपयोगी पडलं नाही.

पुढच्या वर्षी एका रविवारी तारोडीहून परतताना वळणावरच्या वाळूत भाऊंची स्कूटर घसरली. वेग काही फार नव्हता. स्कूटरला ओरखडेसुद्धा मोजकेच. डोकं मात्र कडेच्या दगडावर आपटलं. मासळीच्या टेंपोवाल्यांनी त्यांना उचललं, खिशातल्या कार्डावरून घरचा शोध लागला आणि संध्याकाळपर्यंत त्यांना मुंबईला हलवलं. मोठं सरकारी हॉस्पिटल म्हणजे सिस्टरांचंच. वॉर्डही तोच.

पाचव्या दिवशी मी भेटायला गेले. भाऊ डोळे मिटून पुटपुटत होते आणि त्यांची दोन्ही मनगटं पांढऱ्या बँडेजने कॉटला बांधलेली होती. सिस्टर गणवेशात होत्या, ड्यूटीवर. दुसऱ्या वॉर्डात बदली करून घ्या, असं मेट्रनने सांगूनही त्यांनी ऐकलं नव्हतं. मला बाहेरच्या व्हरांड्यात घेऊन गेल्या.

"गाठ मीच मारली, वहिनी. दुसरीला सांगितलं असतं तर तिने घट्ट मारली असती."

एवढं सांगून त्या आत गेल्या. माझ्या मनात त्या क्षणी माझा ठराव आला होता, हे मी लिहून ठेवते. त्याची मला अजून लाज वाटते.

भाऊ वाचले. दोन महिन्यांत पुन्हा कचेरीत जाऊ लागले. बोलणं तेच, शिट्टी तीच. फक्त नाकाला वास येईनासा झाला. अशा मारात कधीकधी जातो तो, आणि बहुधा परत येत नाही, असं सिस्टरांनी मला सांगितलं. भाऊंना पहिले काही दिवस वाटलं की सर्दी आहे. मग एका रविवारी पापलेटाचं कालवण पुढ्यात घेऊन ते म्हणाले, "सुलभा, आज मसाला घालायला विसरलीस?" सिस्टर म्हणाल्या, "हो, विसरले." विसरल्या नव्हत्या. आमची वाटी नेहमीसारखीच चमचमीत होती.

पण भाऊंनी स्कूटर पुन्हा बाहेर काढली. हेल्मेट घेतलं होतं, तुमच्या आजोबांनी बळेच घ्यायला लावलं म्हणून. ते कोपरात अडकवून निघायचे. मी फाटकाशी अडवलं तर हसून म्हणाले, "वहिनी, जायचं ते गेलं. आता वारा तेवढा राहिलाय, तोही घेता?" मी बाजूला झाले. वर पाहिलं तर सिस्टर गॅलरीत उभ्या. रात्रपाळी करून आल्या होत्या आणि झोपल्या नव्हत्या. स्कूटर परत येईपर्यंत त्या तशाच उभ्या होत्या. पुढचे सगळे रविवार हेच चाललं. नंतर नंतर भाऊ संध्याकाळी नुसते नाक्यापर्यंत गेले तरी त्या गॅलरीत यायच्या. डोळ्यांखाली काळं दिसू लागलं.

मग एका बुधवारी दुपारी त्या माझ्याकडे आल्या. बरोबर जवळच्या सिल्व्हर पार्कमधला एक गृहस्थ होता. "वहिनी, सोसायटीच्या रजिस्टरमधून आमच्या गाडीचा नंबर काढा. ह्यांना विकली."

"भाऊंना विचारलंत?"

"नाही."

स्कूटर सिस्टरांच्या नावावर होती. स्कूटरच्या बुकिंगच्या यादीत सरकारी नोकर म्हणून त्यांचा नंबर आधी लागला होता. सही त्यांचीच पुरेशी होती. मी रजिस्टर उघडलं आणि नंबरावर रेघ मारली. त्या गृहस्थाने किक मारली. आवाज फाटकापर्यंत गेला आणि सिस्टर वर जाऊन झोपल्या. भाऊ कचेरीतून आल्यावर दार उघडायला कोणी उठेना, म्हणून माझ्याकडे ठेवलेली किल्ली मीच दिली, इतकी गाढ झोप होती ती.

भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं, असं तेव्हा वाटलं. भाऊ रिकाम्या जागेपुढे थोडा वेळ उभे राहिले, मग जिना चढून गेले. कितीतरी आठवडे ते सिस्टरांशी बोलले नाहीत. "वहिनी, तिला सांगा, मला उद्या उशीर होईल." सिस्टर शेजारीच उभ्या असायच्या. तारोडीला बस जात होती, पण ते गेले नाहीत. मासळी बाजारातून सिस्टरच आणू लागल्या. पुढे बोलणं सुरू झालं, पण कामापुरतं. शिट्टी बंद झाली. पन्नाशीतला माणूस खुर्ची गॅलरीत टाकून संध्याकाळभर रस्त्यावरच्या दुसऱ्यांच्या गाड्या बघत बसायचा. त्यांना तसं बघून मी खूश व्हायला हवं होतं, कारण माझा ठराव एका घरात तरी मंजूर झाला होता.

निवृत्त झाल्यावर ती दोघं गावी निघाली. सामान टेंपोत चढत होतं. भाऊ खाली उभे राहून दोऱ्या आवळून घेत होते. सिस्टर माझा निरोप घ्यायला आल्या आणि पायरीवर टेकल्या. इतक्या वर्षांत विचारलं नव्हतं ते मी तेव्हा विचारलं.

"सिस्टर, स्कूटर विकलीत ते बरोबर केलंत?"

त्यांनी दोऱ्या आवळणाऱ्या भाऊंकडे पाहिलं.

"ते तुम्ही शिकलेल्यांनी ठरवा, वहिनी. हे जिवंत आहेत आणि मला झोप लागते. ह्यांना लागते का, ते मी अजून विचारलेलं नाही."