गुडघा नव्वदवर

माह्या गुडघ्याचं ऑपरेशन चांगलं झालं होतं. बिघडवला तो आम्ही घरी आणून, न् तोही लाडानं.

हिंगणघाटले आमचं बारदान्याचं दुकान आहे. पोती, दोर, ताडपत्र्या. कापसाच्या हंगामात ट्रॅक्टरवाले सकाळपासून दारात उभे असतात. नवरा गेल्यापासून एकवीस वर्षं त्या दुकानाच्या गादीवर मीच बसली. गादी म्हणजे लाकडी तक्तावर अंथरलेली पांढरी चादर, मागे लोड, समोर गल्ला. जो गादीवर बसते त्याचं चालते, बाकीचे खाली उभे राहून हो हो म्हणतात. पोराले भाव बोलता येत नाई, तो मालाची ने-आण पाहते. म्हणून ऑपरेशनच्या वेळी मी सुनेले गादीवर बसवलं, तीन महिन्यांपुरतं. तीन महिन्यांनी मी परत बसणार, एवढं एकच माह्या डोक्यात होतं.

दवाखान्यातून निघताना जो तो म्हणे, आराम करा. भेटायले येणारेही केळी ठेवून तेच म्हणत. मी जिद्दीची, करायचा तं पुरा करायचा. पलंगावरून पाय खाली नाई. गुडघ्याखाली उशी असली की बरं वाटे, म्हणून सून दोन उशा ठेवे. व्यायामाचा कागद दिला होता, तो देवाच्या फोटोमागे खोचून दिला. टाके काढायले गेलो तं डॉक्टरनं मान वर न करता विचारलं, आराम आहे का? त्याले विचारायचं होतं, दुखणं कमी झालं का. मी ठसक्यात सांगतलं, एकदम पुरा आराम आहे. त्यानं लिहिलं, महिन्यानं या. आमच्या इकडे बसून राहणं म्हणजेही आराम न् बरं होणं म्हणजेही आराम. त्या एका शब्दापायी माहा महिना गेला.

महिन्यानं पाहते तं गुडघा लाकूड झालेला. पुरा सरळ होत नाई, न् वाकवला तं साठ अंशांवर अडकते. डॉक्टर भडकला. म्हणे, चार आठवड्यांत नव्वदवर आणा, नाई तं भूल देऊन आतलं चिकटलेलं जोर लावून फोडावं लागेल. फोडावं हा शब्द त्यानं दोनदा वापरला.

व्यायाम शिकवायले वर्ध्याहून एक पोरगी आठवड्यातून दोनदा येऊ लागली. एवढीशी पोरगी, पण हात लोखंडाचे. बाकीच्या दिवशी घरच्यांनी करायचं होतं. पोरानं एक दिवस करून पाह्यलं. मी ओरडली तसा पाय सोडून बाहेर पळाला. राहिली सून.

तिचं एक सांगणं भाग आहे. बाळंतपणानंतर तिची कंबर धरली होती. खुर्चीवर बसून पोळ्या लाटू का, असं तिनं विचारलं. मी चारचौघींसमोर म्हटलं, अंग हललं की दुखणं पळते, नाटकं माह्या घरात चालत नाई. तिनं दीड महिना खाली बसून लाटल्या. मी ते विसरली होती. ती विसरली होती का, ते मले कधी कळलं नाई.

सकाळी साडेसातले ती येई. मले पलंगाच्या कडेले बसवे, एक हात मांडीवर, एक घोट्यावर, न् टाच मागे दाबत नेई. दहापर्यंत मोजे. माय वं, ते मोजणं! सहा न् सातच्या मधात माणूस मरून वापस येईल, एवढा वेळ लावे. मी तिच्या माहेराचा उद्धार केला, सात पिढ्या काढल्या. एकदा तिच्या मनगटात नखं रुतवली, रक्त आलं. तिनं हात काढला नाई. फक्त म्हणे, आठ. दहा झाले की गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवे, चहा देई, न् गल्ल्याची किल्ली घेऊन दुकानात जाई.

मीही काई कमी नव्हती. भेटायले आलेल्या बायांले सांगे, ही बदला घेऊन राह्यली. बाया तिच्याकडे पाहत, ती मुकाट्यानं कप उचले. एकदा पोराले म्हटलं, तुही बायको मले लंगडी करून सोडते पाहा. त्यानं तिले काई बोललं असंल. दुसऱ्या दिवशी तिचे डोळे सुजलेले होते. घोट्यावरचा हात मात्र तेवढाच जड. खोटं कायले बोलू, ते सुजलेले डोळे पाहून मले बरं वाटलं.

चौथ्या आठवड्यात वर्ध्याच्या पोरीनं कोन मोजायची पट्टी लावली. नव्वद, वर दोन. डॉक्टर खूश झाला, फोडायचं टळलं. घरी मी पोरीले मुद्द्याचं विचारलं, गादीवर कधी बसू? ती म्हणे, मांडी आता कधीच नाई. पण गुडघा एकशे पंधरापर्यंत गेला तं तक्तावर एक पाय अर्धा मोडून, लोडाले टेकून बसता येईल. त्याच्यासाठी अजून दोन महिने असंच रोज दाबावं लागेल. आता थांबलं की आतून आवळते, मग होत नाई. तिचं लग्न ठरलं होतं, ती पुण्याले चालली होती. म्हणे, रोज दाबणारे हात घरातच आहेत, तुम्हाले काय काळजी. सून दारात उभी राहून ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी साडेसातले मी आपल्या मनानं कडेले येऊन बसली. पह्यल्यांदाच. सून आली, चहा ठेवला, न् आरशात पाहून पदराले पिन लावू लागली. मी म्हटलं, चल, धर.

"आता नाई, आई. खुर्चीवर बसता येते, संडासले जाता येते. पुरे झालं."

पुरे कसं झालं, मी म्हटलं, तेवीस अंश बाकी आहे. तुले जे जे बोलली ते सगळं वापस घेते. ती पिनच लावत राह्यली. आजवर मी कोणापुढे हात जोडले नव्हते, ते तिच्यापुढे जोडले.

"वाकव माय. ओरडली तं तोंड दाब माह्यं."

ती जवळ आली. गुडघ्यावरून हात फिरवला. एवढ्या हलक्या हातानं तिनं महिन्याभरात त्या पायाले हात लावला नव्हता. मग माह्या लुगड्याचा काठ घोट्यापर्यंत सारखा केला.

"तुम्हाले लय दुखते, आई," ती म्हणाली. "माह्याच्यानं नाई पाहावत."

न् दुकानाची वेळ झालती म्हणून गल्ल्याची किल्ली घेऊन ती गादीवर बसायले गेली.