शुक्रासाठी ओपल
नासलेल्या दुधाचा वास आला की मला किळस येते, पण ती दुधाची नाही. बोंडअळीनं कापूस खाल्ला त्या वर्षी आमच्या नेर गावी माझ्या धाकट्या बहिणीची जमलेली सोयरिक मोडली. पोराकडच्यांचं पीकच गेलं होतं, पण एसटीनं गावोगाव फिरणाऱ्या एका खडेवाल्यानं दोष तिच्या पत्रिकेतल्या शुक्राला दिला आणि ओपलची अंगठी आईच्या हातावर ठेवली. खडा जरा कलता केला की आत मोरपिसाचे रंग हलायचे. आम्ही सारेच हरखलो. घालण्याआधी शुद्ध करायची म्हणून ती गुरुवारी कच्च्या दुधात बुडवून ठेवली. शुक्रवारी पाहतो तर दूध नासलेलं, रंगाचा पातळ पापुद्रा सुटून वाटीच्या तळाशी, आणि अंगठीत नुसती काळी काच न् चिकट डिंक. खडेवाल्याला बोलावलं, तर त्यानं डोळे मिटून हात जोडले. “पोरीवरचं संकट खड्यानं सोताच्या अंगावर घेतलं, माय. आता दुसरा घाला.” बहीण उसळली, “कायचं संकट? डिंकानं चिपकवला व्हता तो!” आईनं तिलाच गप्प केलं आणि त्याच्या पाया पडली. शाळेत विज्ञान शिकवणारा मी तिथंच उभा होतो. दुसऱ्या खड्यासाठी वाटीत ताजं दूध मीच ओतलं. खडेवाल्याचा चेहरा आता आठवत नाही. वाटी धरलेला माझा हात आठवतो.