खग्रासच्या सकाळचा पडदा

ग्रहण शिकवण्यात माझा हातखंडा आहे. शाळेत इतकी वर्षं भूगोल शिकवला, पण मुलांच्या लक्षात राहतो तो हाच तास. त्यांना गच्चीवर नेते. एक डोळा मिटून दुसऱ्यासमोर रुपया धरायचा, की मंगला गौरीच्या देवळाचं शिखर गायब. चंद्र सूर्यापुढे एवढासा, पण आपल्या जवळ, म्हणून त्याला पुरा झाकू शकतो. दर अमावास्येला असं होत नाही, कारण चंद्राची वाट जराशी तिरकी. बहुतेक वेळा त्याची सावली पृथ्वीला चुकवून वरून नाहीतर खालून निघून जाते. पडलीच, तरी गडद सावलीचा पट्टा अरुंद. त्यात असाल तरच खग्रास दिसतं.

२००९च्या जुलैत तो पट्टा थेट आमच्या काशीवरून गेला. भल्या सकाळी अंधारलं. तेव्हा लेक पोटात होती आणि मी खोलीत पडदा लावून पडून होते. तास संपता संपता हेही मी मुलांना सांगते, "सासूबाईंनी बाहेर पडू दिलं नाही." वर्ग खो खो हसतो. घरीही मी तेच सांगत आले. सासूबाई आता नाहीत, त्यामुळे मला खोटं पाडायला कोणी नाही.

परवा लेकीने फोनवर नकाशा उघडून माझ्यासमोर धरला. २०३४च्या मार्चमध्ये खग्रासचा पट्टा लडाखवरून जाणार आहे.

"आई, आपण दोघी जायचं, पक्का. अब तो आजी भी नहीं रोकेगी," ती म्हणाली आणि भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे बघून खट्याळ हसली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढं चांगलं माणूस, आणि मी त्याचं वर्षानुवर्षं हसं केलं.

"आजीने नव्हतं अडवलं गं," मी म्हणाले. "पडदा मीच लावला. फट राहू नये म्हणून पिनाही मारल्या. मला भीती वाटली."

"तुला? ग्रहण शिकवतेस आणि तुला?"

"हो, मला."

तिने फोन बाजूला ठेवला. "और आजी?"

मला तिच्याकडे बघवेना. त्या सकाळी सासूबाई शिंदे घाटावर आंघोळीला निघाल्या होत्या. हातात कपड्यांची पिशवी होती. पायऱ्या उतरायच्या आधी त्या माझ्या दारात थांबल्या.

"आजी म्हणाली, तू सावली म्हणतेस ना, मग सावलीच. चल, मी हात धरते."