खरखर आणि घरघर

लोणी देवकरच्या एका कारखान्यात मी कंट्रोल पॅनल दुरुस्त करतो. बारामतीहून जाता-येता एसटी निमगाव केतकीला थांबते. तिथे थांब्यासमोर एका चाचांचं लाउडस्पीकरचं दुकान आहे. धंदा आता मुलगा बघतो, चाचा नुसते बसतात. एकदा माझ्या हातात मल्टिमीटर दिसला म्हणून त्यांनी मला हाक मारली.

"जुन्या रेकॉर्डचा आवाज साफ करता येतो का हो?"

त्यांच्याकडे लाखेची एक तबकडी होती. तिच्यावर त्यांच्या थोरल्या भावाने क्लॅरिनेट वाजवलं होतं. भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली होती. चाचांनी ती जुन्या रेकॉर्ड प्लेयरवर लावली. फोडणीत मोहरी तडतडावी तशी खरखर, आणि तिच्यामागे कुठेतरी क्लॅरिनेट.

कॉम्प्युटरवर हे काम सोपं आहे, असं मी सांगितलं.

"मला मशीनवरच ऐकायचीय," चाचा म्हणाले. "तबकडी फिरताना दिसली पायजे."

मग मी मशीनला जोडायचा, नको ते आवाज गाळणारा फिल्टरचा डबा बनवायला घेतला. दोन महिन्यांचे रविवार त्यात गेले. पहिल्या डब्यात ट्रान्सफॉर्मरचाच गुणगुणाट यायचा. तो काढून मी बॅटऱ्या लावल्या. तीक्ष्ण आवाज हवा तेवढा कापता यावा म्हणून एक नॉब बसवला. तबकडीचा आवाज मी मोबाइलवर उतरवून नेला होता; घरी तो डब्यातून ऐकून बायको म्हणाली, "आता वाद्य कळतंय."

डबा चाचांच्या मशीनला जोडला आणि नॉब हळूहळू फिरवला.

"काय फरक न्हाय," चाचा म्हणाले.

मी नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला.

"अब्बा, केवढा फरक पडलाय!" मुलगा म्हणाला. चाचांनी नकारार्थी मान हलवली.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. उभी हयात त्यांनी कर्ण्यांशेजारी काढली होती. तीक्ष्ण आवाज त्यांच्या कानापर्यंत पोचतच नव्हते. मी जी खरखर घालवली, ती त्यांच्या लेखी नव्हतीच.

"मग तुम्हाला नेमकं काय नकोय?"

त्यांनी टेबलावर तळहात ठेवला. "ही घरघर. पिठाची गिरणी चालल्यावानी."

ती मशीनच्या मोटरची होती. मीही ती ऐकली होती, पण हिशोबात धरली नव्हती. त्यांना हे आधी विचारलं नाही, याची मला लाज वाटली.

पुढच्या रविवारी त्यांच्याच काउंटरवर मी दोन कपॅसिटर आणि दोन रेझिस्टर वाढवले. घरघर गेली. चाचा पुढे वाकून ऐकू लागले. दुसऱ्या बाजूला मध्येच त्यांनी हात वर केला.

"परत लावा."

आम्ही ती तीनदा लावली.

"हितं दम तुटलाय त्येचा," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. मुंबईहून ही रेकॉर्ड करून आल्यावर भावाने क्लॅरिनेट सोडलं. दम तुटला, रेकॉर्डिंगच्या साहेबाने पुन्हा वाजवू दिलं नाही, एवढंच तो म्हणायचा. "आमी म्हणायचो, न्हाय रे, तबकडीच खराब हाय. सगळं घर त्येला खोटं पाडायचं. तुमालाबी ऐकू येतंय ना?"

"येतंय," मी म्हणालो. पाव मात्रेची फट होती.

"व्हय. खरं सांगत हुता त्यो."

त्यांनी तबकडी उलटून पहिली बाजू लावली. ती त्यांनी शेवटपर्यंत ऐकली. मग मुलाने चहा सांगितला आणि मी सोल्डरिंगचं सामान आवरायला घेतलं.